हृदयातली चोरवाट

ब्लॉकेज, अँजिओग्राफी, बायपास हे शब्द आता घरोघरी झालेत. पण ज्यात धमनी तुंबत नाही, उलट गळते, असंही एक दुखणं आहे. त्याचं नाव कोरोनरी फिस्टुला.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीला मध्येच चोरवाट असते आणि रक्त थेट हृदयाच्या कप्प्यात शिरतं, बहुधा उजव्या बाजूच्या. पाट फुटून पाणी ओढ्याला गेलं की टेलचं शेत कोरडं राहतं, तशी पुढच्या स्नायूची गत होते. हा दोष बहुतेकदा जन्मजात. गर्भातली एखादी रक्तवाट बंद व्हायची राहून जाते, इतकंच. आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून हे होत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा!

मूल खेळतं-बागडतं असतं. डॉक्टर खोकल्यासाठी छाती तपासतात तेव्हा सतत घरघरणारा आवाज, म्हणजे 'मर्मर', ऐकू येतो. हा आवाज फसवाही असतो. १९४७ साली स्वीडनमध्ये ब्योर्क आणि क्राफोर्ड यांनी एका रुग्णाची छाती उघडली ती भलत्याच निदानावर: जन्मानंतर मिटायला हवी ती महाधमनीजवळची नळी उघडी राहिली असावी. आत निघाली ही चोरवाट. ती त्यांनी बांधली. फिस्टुलावरची ही पहिली शस्त्रक्रिया. तेव्हा ना इको, ना हार्ट-लंग मशीन.

आज इको आणि अँजिओग्राफीत वाट आधीच दिसते. बारीक असेल, त्रास नसेल, तर नुसती नजर ठेवतात. मोठी असेल तर धाप, छातीत दुखणं, हृदयावर ताण, जंतुसंसर्ग असे धोके वयाबरोबर वाढतात. मग ती बंद करायलाच हवी. वाट बाहेरून हाती लागली, तर हृदय धडधडत असतानाच टाका घालतात. खोल असेल तर मशीनच्या आधारानं हृदय थांबवून, कप्पा उघडून तोंड आतून शिवतात. गाठ आवळण्याआधी सर्जन ती वाट काही मिनिटं नुसती दाबून धरतात. ईसीजी बिघडला, तर स्नायूची उपयोगी फांदीही चिमटीत आली असं समजायचं. १९८०च्या दशकापासून काही रुग्णांत मांडीतून कॅथेटर नेऊन, कॉइल बसवूनही काम भागतं.

अशा उपचारांसाठी हृदयाचंच मोठं रुग्णालय लागतं. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी कुटुंबांसाठी राज्य सरकारची 'जयदेव' हृदयरोग संस्था बेंगळुरूत, जे. पी. नगरला लागून बन्नेरघट्टा रस्त्यावर आहे. मेट्रो स्टेशनलाही तिचंच नाव आहे.

टाके निघाले म्हणून फाईल माळ्यावर टाकू नका. फुगलेली धमनी लगेच आक्रसत नाही, तिच्यात रक्त संथ होऊन गुठळी होऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी गोळी किती दिवस आणि पुढचा इको कधी, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.