पैनगंगेचं खोरं

मराठवाडा म्हटलं की आपण उघडी माळरानं डोळ्यांपुढं आणतो. लातूरहून किनवट-माहूरला गेलो की हे चित्र बिघडतं. डोंगर तुटलेले, उतार खडे. नांगर चालेना तिथं साग टिकला. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला काळ्या कातळावरून कोसळते. नकाशात मात्र ती निव्वळ रेघ! पूर्वी अलीकडं निजाम, पलीकडं १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड प्रांत. आज नांदेड आणि यवतमाळ. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनाही रेघा ओढायची खोड आहेच म्हणा. पण खोरं म्हणजे काय? दोन्ही बाजूंचं पाणी जिथं एकत्र येतं ते. वर इसापूरला धरण आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की दोन्ही काठांवरची गावं एकच मागणी करतात: पाणी सोडा.