ओल असूनही तहानलेला ऊस

सांगली-शिरोळच्या कृष्णाकाठी उन्हाळ्यात काही रानांवर पांढरा थर दिसतो. मातीत बोट घातलं तर ओल लागते, तरी ऊस मलूल असतो. पाणी कमी पडलं असं वाटून आणखी एक पाळी दिली जाते आणि दुखणं वाढतं.

मुळांच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळांत शिरतं. मातीतलं पाणीच खारट झालं की हा फरक घटतो आणि मुळांना ते ओढून घेणं जड जातं. पेशी पुरेशा ताणल्या जात नाहीत. नवी पानं लहान निघतात, फुटवे घटतात, कांडी आखूड राहते. दुसरा घाव सावकाश बसतो. पानांतून पाण्याची वाफ उडून जाते, पण सोबत आलेलं सोडियम मागे उरतं. जुन्या पानांत ते साठतं, पेशींत पोटॅशियमच्या कामात अडथळा आणतं आणि पानांचे शेंडे करपू लागतात.

पिकागणिक सोसण्याची ताकद वेगळी. मातीची क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात. मास आणि हॉफमन यांनी 1977 मध्ये मांडलेल्या कोष्टकानुसार कापूस 7.7 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत तग धरतो. उसाचं उत्पादन मात्र 1.7 पासूनच घटू लागतं. पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 6 टक्के. म्हणजे ज्या पिकाला सर्वाधिक पाणी पाजलं जातं, तेच क्षारांपुढे नाजूक.

हे क्षार येतात कुठून? थोडे मातीतच असतात, थोडे पाण्यासोबत येतात. भारी काळ्या जमिनीत निचरा मंद. वारेमाप पाण्याने भूजल वर चढतं, मातीच्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागाशी येतं, पाणी उडून जातं आणि क्षार उरतात.

म्हणून उपायाची सुरुवात माती परीक्षणाने करावी. सोडियमने घट्ट झालेल्या चोपण जमिनीला जिप्सम लागतं; त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला जिप्समची गरज नसते, तिथे चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. दोन्हीकडे ते वाहून न्यायला निचरा हवाच. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकता येतात, पण त्यांचं पाणी ओढ्यापर्यंत पोहोचायचं तर वाट बहुधा शेजाऱ्याच्या रानातून जाते. वारेमाप पाणी टाळणारं ठिबक एकट्याला बसवता येतं. निचऱ्यासाठी मात्र अख्ख्या शिवाराला एकत्र यावं लागतं.