म्हाताऱ्या ताऱ्याचा लपंडाव

मुलांनो, तुमच्या वर्गात एखादी मीरा असेलच. आज तिच्याच नावाच्या एका ताऱ्याची ओळख करून घेऊ. या नावाचा संत मीराबाईंशी मात्र काही संबंध नाही बरं का! हा शब्द लॅटिन भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘आश्चर्यकारक’. आश्चर्य कसलं, तर हा तारा चक्क लपंडाव खेळतो. काही आठवडे साध्या डोळ्यांनी छान दिसतो, मग फिकट होत होत दिसेनासा होतो आणि पुढे काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उजळतो.

ही गंमत प्रथम लक्षात आली १५९६ सालच्या ऑगस्ट महिन्यात. आज जो भाग जर्मनीत आहे, तिथे उत्तर समुद्राच्या काठी डेव्हिड फाब्रिसियस नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक राहत असत. दिवसा चर्चचं काम आणि रात्री आकाश बघणं, असा त्यांचा क्रम. दुर्बिणीचा शोध तेव्हा लागायचा होता. एका ग्रहाची जागा मोजण्यासाठी त्यांनी जवळचा एक तारा खुणेला धरला. आपण नाही का, ‘पिंपळाच्या डावीकडचं घर’ असा पत्ता सांगत? पण काही दिवसांत तो पिंपळच बदलायला लागला! तारा आधी आणखी तेजस्वी झाला आणि ऑक्टोबरपर्यंत दिसेनासा झाला. एकदाच पेटून विझणारा हा ‘नवतारा’ असावा, असं फाब्रिसियस यांना वाटलं. आणि १६०९ साली बघतात तर काय, स्वारी पुन्हा जागेवर हजर!

यात एवढं विशेष काय, असं तुम्ही विचाराल. युरोपातले विद्वान तेव्हा जवळजवळ दोन हजार वर्षं एकच गोष्ट शिकवत आले होते. पृथ्वीवर सगळं बदलतं, पण तारे कायम जसेच्या तसे राहतात. नवतारा म्हणजे एखादा अपवाद, असं म्हणून वेळ मारून नेता येत होती. पण नेमाने येणाऱ्या-जाणाऱ्या ताऱ्याचं काय करायचं? फाब्रिसियस १६१७ मध्ये वारले, त्यामुळे पुढचा उलगडा त्यांना पाहायला मिळाला नाही. १६३८ मध्ये नेदरलँड्समधल्या योहानेस होलवार्डा यांना हा तारा दिसला, आणि तो साधारण अकरा महिन्यांनी परत येतो हे त्यांनी ओळखलं. ‘मीरा’ हे नाव योहानेस हेवेलियस यांनी १६६२ साली रूढ केलं. आज आपल्याला माहीत आहे, की मीराची एक फेरी सरासरी ३३२ दिवसांची असते. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात.

पण तो असं करतो का? हा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा एकाने सांगितलं, “ढग येत असतील.” दुसरी म्हणाली, “कुणीतरी त्याच्यासमोर पडदा धरत असेल.” दुसरं उत्तर ऐकून मला फार आनंद झाला, कारण ते बरंचसं खरं आहे. फक्त पडदा धरणारं दुसरं कुणी नाही, मीरा स्वतःच तो धरतो!

त्याचं असं आहे. मीरा हा म्हातारा तारा आहे. त्याच्या गाभ्यातलं हायड्रोजनचं इंधन केव्हाच संपलं. असे तारे म्हातारपणी आकसत नाहीत, उलट फुगतात. मीरा एवढा फुगला आहे, की त्याला सूर्याच्या जागी ठेवलं तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. त्याचं वस्तुमान मात्र सूर्यापेक्षा फारसं जास्त नाही. म्हणजे बाहेरचा भाग अगदी विरळ आणि सैल. अशा ताऱ्याला लाल राक्षसी तारा म्हणतात. हा राक्षस श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आकसतो. जेव्हा तो थंड पडतो, तेव्हा त्याच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडसारखी संयुगं तयार होतात आणि ती आतला प्रकाश अडवतात. हाच तो पडदा. पुन्हा तापला की ही संयुगं मोडतात आणि पडदा उघडतो. प्रत्येक फेरीत तो सारखाच उजळेल असंही नाही. १७७९ साली तो जवळपास रोहिणीइतका तेजस्वी झाल्याची नोंद आहे.

राक्षसी ताऱ्याचा आणखी एक गुण म्हणजे उधळपट्टी. मीरा आपला वायू आणि धूळ सतत अवकाशात फेकत असतो. त्याच्याजवळ एक छोटा सोबती तारा आहे. तो बहुधा श्वेत बटू असावा, म्हणजे संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. मीराने फेकलेल्यातलं थोडं तो स्वतःकडे ओढून घेतो. बाकीच्याचं काय होतं, हे कळायला २००७ साल उजाडावं लागलं. ‘गॅलेक्स’ नावाच्या अवकाश दुर्बिणीने टिपलेली अतिनील किरणांची चित्रं शास्त्रज्ञ पाहत होते. अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या चित्रांत मीराला धूमकेतूसारखी शेपटी निघाली! लांबी किती? १३ प्रकाशवर्षं! लोक चारशे वर्षं हा तारा बघत होते, पण शेपटीचा पत्ता कुणालाच नव्हता.

शेपटी होते, कारण मीरा भोवतालच्या विरळ वायूतून सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावतो आहे. या वेगाने आपण मुंबईहून पुण्याला सव्वा सेकंदात पोहोचू. फेकलेला वायू मागे पडतो आणि त्याचीच शेपटी होते. तिच्या टोकाचा वायू सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी मीरापासून सुटला. त्यात कार्बन आहे, ऑक्सिजन आहे. अशाच मालमसाल्यातून पुढे कधीतरी नवे तारे आणि ग्रह घडतात. तुमच्या-माझ्या शरीरातला कार्बनही अशाच कुणा जुन्या ताऱ्यांत तयार झाला आहे.

मग आपला सूर्यही असाच होणार का? होणार, पण सुमारे पाच अब्ज वर्षांनी. तेव्हा उद्याचा गृहपाठ चुकणार नाही!

मीरा आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षं दूर आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश साधारण थोरल्या बाजीरावांच्या काळात निघालेला आहे. तो पाहायचा असेल, तर डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास अंधाऱ्या जागी जा. आईबाबांनाही सोबत न्या. दक्षिणेकडे तोंड करून मान बरीच वर करा. डाव्या हाताला उंचावर कृत्तिकांचा पुंजका दिसेल. तिथून उजवीकडे खाली या. हा भाग तिमिंगल, म्हणजे देवमासा या तारकासमूहाचा. नकाशा घेऊन त्याची मान शोधा, मीरा तिथेच आहे. दिसला तर शेजारच्या कोणत्या ताऱ्याइतका तेजस्वी आहे ते तारखेसह वहीत लिहा आणि दर दहा दिवसांनी पुन्हा बघा. दिसला नाही तर तसंही लिहा, तीही नोंदच. उजळण्याची वेळ दरवर्षी महिनाभर आधी येते, त्यामुळे काही वर्षी ऐन बहर सूर्याच्या उजेडात हुकतो. एप्रिल-मेमध्ये मात्र शोधायला जाऊ नका, तेव्हा हा तारा सूर्याबरोबर दिवसाच उगवतो आणि मावळतो.