खडकवासल्याहून अंतराळाकडे

३ एप्रिल १९८४ रोजी सोव्हिएत संघातील बैकोनूर तळावरून सोयूझ टी-११ हे यान झेपावले आणि स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा अंतराळात जाणारे पहिले भारतीय ठरले. ही गोष्ट आपल्या घरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या मोहिमेसाठी वायुसेनेतून दोन वैमानिक निवडले गेले होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे. विंग कमांडर रवीश मल्होत्रा यांनीही मॉस्कोजवळील स्टार सिटीत तेच प्रशिक्षण घेतले, तीच रशियन भाषा आत्मसात केली आणि यानातील यंत्रणांचा तसाच अभ्यास केला. शर्मा यांना ऐनवेळी काही अडचण आली असती, तर मल्होत्रा गेले असते. अडचण आली नाही आणि मल्होत्रा पृथ्वीवरच राहिले. राष्ट्राने शर्मा यांना अशोक चक्र आणि मल्होत्रा यांना कीर्ती चक्र देऊन गौरविले.

अंतराळवीर होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी मल्होत्रा यांची हकीकत आधी समजून घ्यावी, असे वाटते. या मार्गावर भांडवल पूर्ण गुंतवावे लागते. परतावा मात्र कोणत्या रूपाने मिळेल, याची हमी कोणीही देत नाही.

वैमानिकच का?

लढाऊ विमान वेगाने वळते, तेव्हा वैमानिकाला आपले वजन सात-आठ पटींनी वाढल्यासारखे वाटते. रक्त पायांकडे ओढले जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते. अशा स्थितीतही उपकरणे वाचायची, योग्य निर्णय घ्यायचा आणि आवाजात कंप येऊ न देता तो नियंत्रण कक्षाला कळवायचा, ही वैमानिकाची रोजची साधना असते. चाचणी वैमानिकाचे काम याहूनही कठीण. नव्या किंवा बदल केलेल्या विमानाचे वर्तन पूर्णपणे ज्ञात नसताना तो ते उडवतो आणि खाली उतरल्यावर अभियंत्यांना नेमका वृत्तान्त देतो. साहसापेक्षा या कामात शिस्तबद्ध निरीक्षणाला अधिक मोल आहे. रॉकेटवर बसणाऱ्या माणसाकडूनही नेमकी हीच अपेक्षा असते.

म्हणूनच ‘गगनयान’ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही वायुसेनेचे चाचणी वैमानिक आहेत. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला ही त्यांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी देशासमोर आली. केरळ, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश अशा निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या या चौघांच्या जीवनात एक स्थान समान आहे. ते म्हणजे आपल्या पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. राकेश शर्मा हेही तेथलेच छात्र.

एकोणीस वर्षांची वाट

शुभांशू शुक्ला यांचा जन्म १९८५ साली लखनौ येथे झाला. वडील सरकारी सेवेत होते. घरात सैनिकी परंपरा नव्हती. प्रबोधिनीतील शिक्षणानंतर जून २००६ मध्ये ते वायुसेनेच्या लढाऊ शाखेत दाखल झाले. मिग-२१, जग्वार, सुखोई-३० अशी अनेक विमाने त्यांनी सुमारे दोन हजार तास उडवली आणि चाचणी वैमानिकाची पात्रता मिळवली. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या वायुसेना वैद्यकीय संस्थेतील कसून तपासण्यांतून त्यांची निवड झाली. पुढे रशियात आणि नंतर अमेरिकेत प्रशिक्षण झाले.

अखेर ‘ॲक्सिऑम-४’ मोहिमेची वेळ आली, तरीही उड्डाणाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, तिचे निवारण होईपर्यंत थांबावे लागले. २५ जून २०२५ रोजी उड्डाण झाले आणि १५ जुलैला ते परतले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्यांनी मूग आणि मेथीला अंकुर फुटताना पाहिले, सूक्ष्म शैवालांवर प्रयोग केले. सेवेत प्रवेश आणि अंतराळप्रवास यांत एकोणीस वर्षांचे अंतर होते. आणि याही वेळी एक जण राखीव होता. शुक्ला यांच्याहून वयाने व सेवेने ज्येष्ठ असलेले प्रशांत नायर तितक्याच तयारीनिशी पृथ्वीवर थांबले.

घरात घ्यावयाचा निर्णय

आपल्या व्यापारी कुटुंबांत दहावीचा निकाल लागताच वाणिज्य शाखेचा अर्ज भरला जातो. पेढी पुढे चालवायची असते. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या मुलाची किंवा मुलीची नजर आकाशाकडे आहे, त्याचे दार नेमके त्याच दिवशी बंद होऊ शकते. प्रबोधिनीच्या वायुसेना शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची आहे. लेखी परीक्षा नऊशे गुणांची आणि मुलाखतही नऊशे गुणांची. वैमानिकाची अभिक्षमता चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. प्रबोधिनीची संधी हुकली, तरी पदवीनंतर वायुसेनेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेचा मार्ग उरतो. तेथे पदवी कोणत्याही शाखेची चालते, परंतु बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित तेथेही मागितले जाते. म्हणजे हे दोन विषय राखले, तर पुढे निर्णय बदलायलाही वाव राहतो.

साताऱ्याची सैनिक शाळा आणि छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षण संस्था या मार्गावरील जुन्या पायऱ्या आहेत. मुलींच्या मातापित्यांनीही याचा विचार करावा. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या संचलनात प्रथमच सतरा तरुणी स्नातक म्हणून उत्तीर्ण झाल्या.

एक गोष्ट मात्र मुलापासून लपवू नये. वायुसेना ही प्रथम देशरक्षणाची सेवा आहे. राकेश शर्मा यांनी १९७१ च्या युद्धात मिग-२१ विमानातून मोहिमा केल्या होत्या. या सेवेतील धोका आणि तिचे स्वरूप आपल्या घराच्या मूल्यांशी कसे जुळते, हे अर्ज भरण्यापूर्वी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे. केवळ अंतराळाच्या ओढीने गणवेश घालणाऱ्याची निराशाच होण्याचा संभव अधिक. ज्याला वैमानिकाचे कामच प्रिय आहे, त्याला राखीव राहूनही आयुष्य वाया गेले असे वाटणार नाही.

व्यापारी घराने वेगळी वाट धरलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहणे ही नवी गोष्ट नव्हे. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील विक्रम साराभाई यांनी विज्ञानाची वाट धरली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून भारतभूमीवरील पहिले अग्निबाण-उड्डाण घडवून आणले. त्यांनी घातलेल्या पायावरच आजचे ‘गगनयान’ उभे आहे. आपल्या घरातील एखाद्याला त्यात बसायचे असेल, तर आज आपल्या हाती एवढेच आहे की, दहावीचा निकाल लागल्यावर अर्ज भरण्यापूर्वी त्याला शांतपणे विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.