खिशातली कचेरी

खरिपाची पेरणी आटोपून पिके गुडघ्याला लागली म्हणजे तलाठ्याने पीकपाहणीस निघावे, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट. निदान कागदोपत्री तरी ती तशी होती. गावात दवंडी पिटावी, नेमल्या दिवशी खातेदारांनी आपापल्या बांधावर हजर राहावे, कोणत्या गटात किती आर कापूस आणि किती आर तूर हे तलाठ्याने डोळ्यांनी पाहून गाव नमुना बारामध्ये उतरवावे, आणि त्या नोंदीच्या आधारावर पुढे पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांचे निर्णय व्हावेत, असा तो बंदोबस्त. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी एक नजर मागील सालच्या नोंदीकडे आणि दुसरी समोरच्या चहाकडे ठेवून सबंध शिवाराची पाहणी चावडीवर बसल्या बसल्या उरकली जाई, हेही गावाला ठाऊक होते. तरीसुद्धा या व्यवस्थेत एक गोष्ट अध्याहृत होती: शेत शेतकऱ्याने पिकवावे, आणि ते पिकले आहे हे लिहून ठेवण्याची लेखणी, दप्तर व नकाशा ही साधने सरकारने बाळगावीत.

15 ऑगस्ट 2021 रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि हे अध्याहृत उलटे झाले. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर ॲप उतरवून घ्यावयाचे, गट क्रमांक निवडून पीक व क्षेत्र भरावयाचे, आणि शेतात उभे राहून उभ्या पिकाचे छायाचित्र काढावयाचे. त्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जात असल्यामुळे चावडीवर बसून कापूस लावण्याची जुनी सोय आता राहिलेली नाही. ही सुधारणा लटकी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या पिकाची नोंद आपल्याच हाताने व्हावी यात शेतकऱ्याचा मान आहे, आणि खोट्या नोंदींना आळाही. परंतु लेखणी सरकारची होती. फोन मात्र शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने घ्यावयाचा, स्वतःच भारित करावयाचा, त्यात दरमहा पैसे टाकावयाचे आणि तो चालविण्याची विद्याही स्वतःच कोठून तरी पैदा करावयाची. ज्याच्याकडे तो नाही, किंवा ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याच्या शेतात ज्वारी डोलत असली तरी सातबाऱ्यावर ती उगवतेच असे नाही.

स्मार्टफोनची माणसाला खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न हल्ली दिवाणखान्यांत वारंवार चर्चिला जातो, आणि तेथे त्याचे उत्तर बहुधा मुलांचे डोळे, तरुणांचे व्यसन व वाचनाचा ऱ्हास या वळणाने जाते. ते वळण चुकीचे नाही, पण तो प्रश्न बांधावर उभे राहून विचारला तर निराळा भासतो. कारण तेथे फोन ठेवायचा की टाकायचा याची निवड मुळात शेतकऱ्याच्या हाती उरलेलीच नसते.

जुनी साधने गेली म्हणून आपण हळहळतो, तेव्हा त्या साधनांचा एक गुण आपल्या ध्यानातून निसटतो. तार घ्या. 1850 साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान जिची सुरुवात झाली, ती सेवा जुलै 2013 मध्ये कायमची बंद झाली. पण या दीडशेहून अधिक वर्षांत तार करणाऱ्या सामान्य माणसाला मोर्सची लिपी कधीही शिकावी लागली नाही. त्याने तारघराच्या खिडकीशी जाऊन मजकूर सांगावा, शब्द मोजून पैसे द्यावेत, बाकीचे कसब खिडकीपलीकडच्या नोकराचे. एसटीडी बूथचेही तेच. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल अंकांत पळणारे मीटर आणि रात्री दर उतरले की लागणारी रांग हे सर्व ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हेही आठवत असेल की म्हाताऱ्या आईने कनवटीची चिठ्ठी पुढे केली म्हणजे बूथवाला स्वतः नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या हाती देई. यंत्र सामाईक होते, आणि यंत्राला माणूस जोडलेला होता. निरक्षर मनुष्यही त्या तंत्रज्ञानाचा पूर्ण हक्कदार ग्राहक होता.

मोबाइल आला तोही आरंभी श्रीमंतांचे खेळणे म्हणूनच. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हे देशातील पहिले मोबाइल संभाषण. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे घंटी वाजली की माणूस आनंदण्याऐवजी दचके. पुढे दर कोसळले आणि 2003 मध्ये नोकियाचा 1100 हा फोन आला, ज्यात ना कॅमेरा ना रंगीत पडदा, पण कळांवर धूळ शिरू न देणारे आवरण होते आणि डोक्यावर विजेरी होती. जगभरात या एका नमुन्याचे पंचवीस कोटींच्या आसपास फोन खपले. रात्री पाणी धरावयास निघालेल्या शेतकऱ्याला ती विजेरी संभाषणाइतकीच उपयोगी पडली असेल, असा माझा कयास आहे. बोलणे, निरोप, गजर, उजेड आणि दिवसचे दिवस टिकणारी बॅटरी: गरज या शब्दाचा जो सरळ अर्थ आहे, त्या अर्थाने माणसाची गरज येथे बहुतेक भागली होती.

मग हा साधा फोन मागे का पडला? तो बिघडला म्हणून नव्हे. फोन नुसता हातात असून चालत नाही. तो ज्या लहरींवर बोलतो त्या लहरी कंपनीने हवेत सोडल्या पाहिजेत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने सेवा उघडली ती केवळ 4जीवर, तीत संभाषणही विदेचे तुकडे होऊनच जाते, त्यामुळे जुन्या 2जी फोनात ते कार्ड घालून उपयोग नव्हता. म्हणूनच त्या कंपनीला 2017 मध्ये कळफलकाचा, पण 4जीवर चालणारा फोन स्वतःच बाजारात आणावा लागला. उलटपक्षी एअरटेलने 3जी बंद केले ते 2020 मध्ये, आणि त्याआधीचे 2जी मात्र चालू ठेवले. धाकटे गेले आणि थोरले राहिले, हे चमत्कारिक दिसते; पण ज्यांना वेगाचे इंटरनेट हवे ते 4जीकडे गेले होते, आणि नुसते बोलणारे असंख्य ग्राहक 2जीवरच बसून होते, तेव्हा मधल्याचा वाली कोणीच नव्हता. एवंच, यंत्र जुने होते ते झिजून नव्हे, तर कोणाच्या तरी हिशेबात न बसून. लहरी या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात.

साध्या फोनवर राज्यव्यवहार चालवता येत नाही, हेही खरे नाही. एकदाच वापरावयाचा सांकेतिक क्रमांक, ज्यास आपण सर्व ओटीपी म्हणतो, तो साध्या लघुसंदेशाने साध्या फोनावर येतो. मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय 123पे ही सोय जाहीर केली, तिने कळफलकाच्या फोनवरूनही पैसे पाठविता येतात. म्हणजे मार्ग काढावयाचा ठरविले तर निघतो. तो काढावा असे वाटणे, ही मात्र तंत्रज्ञानाची बाब नव्हे.

आणि स्मार्टफोन दिल्याने तरी प्रश्न मिटतो काय? याचे उत्तर अंगणवाडी सेविकांनी 2021 च्या त्याच ऑगस्टात दिले. बालकांची वजने व पोषण यांची माहिती भरण्यासाठी त्यांना सरकारनेच दोनएक वर्षांपूर्वी फोन दिले होते. ते नव्या ॲपच्या ओझ्याने अडखळत, तापत, आणि ॲपमध्ये इंग्रजीतून माहिती भरावी लागे. महाराष्ट्रभर सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. दिलेली वस्तू परत करण्याचे हे आंदोलन मला फार अर्थपूर्ण वाटले. त्यांना काम नको नव्हते. कामाच्या नावाखाली आलेले दुसरे एक अदृश्य काम नको होते.

हे अदृश्य काम म्हणजेच या साऱ्या प्रकरणाचा गाभा होय. पूर्वी कारकुनाने करावयाचे श्रम आता अर्जदार करतो: तोच अर्ज भरतो, तोच कागदांची छायाचित्रे चढवितो, चूक झाली तर जबाबदारही तोच. खिडकी बंद झाली असे कोणी म्हणत नाही, ती आपल्या खिशात आली असे म्हणतात. पण खिशातल्या कचेरीत कारकून, शिपाई, वीजबिल आणि भाडे हे सर्व आपणच आहोत. ज्यांना हे झेपत नाही, ते महा ई-सेवा केंद्राकडे किंवा शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडे जातात, आणि जुना बूथवाला नव्या नावाने पुन्हा प्रकट होतो. भेद इतकाच, की पूर्वी त्याच्या हाती केवळ एक फोन नंबर जात असे, आता आधार, बँकखाते आणि ओटीपीही जातो.

अलीकडे याची जाणीव वरच्या स्तरावर झाल्याची काही चिन्हे आहेत. डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना फर्माविले, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ संभाषण व लघुसंदेशांचे रिचार्ज निराळे ठेवावेत; नको असलेली विदा विकत घेण्याची सक्ती असू नये. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड-हल्ल्यातील पीडितांना व दृष्टिहीनांना कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखविण्याच्या ई-केवायसीत येणाऱ्या अडचणींचा विचार करताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. जिवंत माणसाने जिवंत असल्याचे यंत्राला पटवून देण्यासाठी डोळे मिचकवावेत, आणि ज्याच्या पापण्याच जळून गेल्या आहेत त्याने काय करावे हे ठरविण्यासाठी सर्वोच्च न्यायालय बसावे, हा प्रसंग उपहासकाराच्या कल्पनेलाही सुचता ना.

पीकपाहणीचेही तसेच होत आहे. 2023 च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांच्या अर्थसाहाय्यास ई-पीक पाहणीची अट प्रथम लावली गेली, आणि ओरड झाल्यावर ती सोडावी लागली. शेतकऱ्याने स्वतः नोंद करण्याची मुदत उलटली की राहिलेल्या गटांसाठी आता गावपातळीवर सहायक नेमले जातात. तलाठ्याचे नावही बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, तेव्हा या सहायकाला गाव काय म्हणेल हे पाहावयाचे. तो बांधावर येतो, स्वतःचा फोन उघडतो, रेंजसाठी चार पावले इकडे-तिकडे सरकतो, आणि आजवर कोणत्याही तलाठ्याने विचारला असेल तोच प्रश्न विचारतो: आजी, यंदा काय पेरलंय?