पानात घातलेलं बोट: भुताची गेमबुकं आणि आपलं संशोधन



मागच्या लेखात आपण शून्य गृहीतक म्हणजे काय ते पाहिलं. आज विषय जरा वेगळा आहे: भुताची पुस्तकं. पेटचा अभ्यास सोडून हे काय, असं वाटेल. पण थोडा दम धरा, शेवटी गाडी संशोधनावरच येणार आहे.

गेमबुक म्हणजे काय?

साध्या भयकथेत निर्णय पात्र घेतं. नारायण धारपांची किंवा रत्नाकर मतकरींची गोष्ट वाचताना आपण मनात ओरडतो, "अरे, ते दार उघडू नको!" पण तो उघडतोच. गेमबुकात दार उघडायचं की नाही हे वाचणाऱ्याला विचारतात. पुस्तक क्रमांक दिलेल्या तुकड्यांत असतं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पर्याय असतात, आणि तुम्ही निवडाल त्या क्रमांकावर जायचं.

ही कल्पना जुनी आहे. डोरिस वेबस्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स यांचं 'कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस!' हे असं पुस्तक अमेरिकेत १९३० साली आलं. १९७९ मध्ये 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' मालिका सुरू झाली आणि हा प्रकार मुलांच्या घराघरांत पोचला. भयकथेत १९९५ पासून आर. एल. स्टाइन यांची 'गिव्ह युअरसेल्फ गूजबम्प्स' ही मालिका गाजली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आलेला 'बँडरस्नॅच' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तोही याच घराण्यातला.

वर्णनापेक्षा नमुना बरा. म्हणून आपल्या हिंगोली जिल्ह्यातलंच एक छोटं गेमबुक मी तयार केलंय. सहाच तुकडे आहेत. खाली खाली वाचत जाऊ नका, सांगितलेल्या क्रमांकावरच जा.

१. रात्रीचे अकरा वाजलेत. औंढ्याहून हिंगोलीला येताना गाडी बंद पडते. पेट्रोल आहे, पण गाडी चालू होत नाही. डावीकडे शेतात लांब एक उजेड दिसतोय. गाडी ढकलत रस्त्यानंच जायचं असेल तर २ वर जा. उजेडाकडे जायचं असेल तर ३ वर जा.

२. रस्त्याकडेला एक बाभूळ. फांदीला लाल फडकं बांधलेलं. तुम्ही पुढे जाता. अर्ध्या तासानं पुन्हा बाभूळ, पुन्हा तेच फडकं. अजून पुढेच जायचं असेल तर २ वर जा. उजेडाकडे वळायचं असेल तर ३ वर जा.

३. हळद शिजवायची कढई चुलाण्यावर आहे, पण आत काहीच नाही. शेजारी एक म्हातारी. "बस लेकरा, पाणी पी," म्हणत ती तांब्या पुढे करते. पाणी प्यायचं असेल तर ४ वर जा. नको म्हणून रस्त्यावर परतायचं असेल तर २ वर जा.

४. पाणी गार आहे. म्हातारी विचारते, "रस्त्यात लाल फडकं दिसलं का रे लेकरा?" दिसलं असेल तर ५ वर जा. दिसलं नसेल तर ६ वर जा.

५. "माझ्याच लुगड्याचं आहे ते," म्हातारी म्हणते. जाळ विझतो. शेवट.

६. "मग अजून वेळ आहे तुला. जा." गाडी पहिल्याच किकला चालू होते. शेवट.

आता याचा नकाशा काढू

वहीत सहा ठिपके काढा आणि एकातून दुसऱ्यात जाणारे बाण काढा. बाण आठ येतील. त्यातला २ मधून निघणारा एक बाण परत २ मध्येच येतो. रात्री शिवारात माणूस फिरून फिरून त्याच जागी आला तर आपल्याकडे 'चकवा लागला' म्हणतात ना, तोच हा. आलेख सिद्धांतात याला लूप म्हणतात. आज्जीला आलेख सिद्धांत माहीत नव्हता, पण लूप माहीत होता.

आता सुटकेच्या वाटा मोजा. एकच निघते: १, ३, ४, ६. 'अनोळखी माणसाच्या हातचं पाणी पिऊ नये' हा घरचा सल्ला पाळून कुणी ३ वरून मागे फिरलं, तर त्याला फडकं दिसतं आणि सुटकेचा रस्ता बंद होतो. पण ते त्याला तेव्हा कळत नाही, ४ वर कळतं. चांगल्या भयाच्या गेमबुकाचं खरं इंजिन हेच. निर्णय आत्ता, हिशोब नंतर. भूत नुसतं निमित्त असतं. भीती असते ती आपण मघाशी काय करून बसलोय याची.

पुस्तक फुगत का नाही?

प्रत्येक तुकड्याला दोन पर्याय, असे सलग दहा निर्णय, आणि कुठलीच वाट दुसरीला मिळत नाही असं समजा. तुकडे किती लागतील? १ + २ + ४ असं करत शेवटच्या १०२४ पर्यंत, म्हणजे एकूण २०४७. एवढं कोण लिहिणार आणि कोण छापणार?

म्हणून लेखक तीन युक्त्या करतात. पहिली, वाटा पुन्हा एकत्र आणायच्या. आपल्या नमुन्यात कुठूनही गेलात तरी शेवट गाठायचा तर म्हातारीकडे यावंच लागतं. दुसरी, काही वाटा लवकर संपवायच्या. भयकथेत हे सोपं, मरण कुठेही येऊ शकतं. तिसरी सगळ्यात हुशार: वाट एकच ठेवायची, पण वाचकाच्या नावावर काहीतरी नोंद चढवायची. आपल्याकडे ती नोंद म्हणजे लाल फडकं.

या तिसऱ्या युक्तीचं उत्तम उदाहरण म्हणजे स्टीव्ह जॅक्सन यांचं 'हाउस ऑफ हेल' (१९८४). पावसाळी रात्री गाडी बिघडते आणि तुम्ही एका एकाकी वाड्यात आसरा घेता. तुकडे ४००. सुरुवातीला एक फासा टाकायचा आणि आलेल्या आकड्यात ६ मिळवायचे. ही तुमची भीती सोसायची मर्यादा, म्हणजे ७ ते १२ मधला कुठलातरी आकडा. पुढे काही भयंकर दिसलं की भीतीचे गुण वाढतात आणि मर्यादा गाठली की तुम्ही घाबरूनच मरता. त्यामुळे एकाच तुकड्यात एक वाचक तरतो आणि दुसरा संपतो. तुकड्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं, बदललेला असतो तो तिथवरचा प्रवास.

वेताळाला हे आधीच माहीत होतं

हे सगळं परदेशी वाटत असेल तर वेताळपंचविशी आठवा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरातही ही गोष्ट आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, मी परत झाडावर.

याचा नकाशा काढा. दोन बाण. एक मरणाकडे, दुसरा पुन्हा झाडाकडे, म्हणजे चकवा. सुटका कधी? शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरंच येत नाही, तेव्हा. तिथे गप्प राहणं नियमात बसतं. संशोधनाला लागण्याआधी ही गोष्ट मला पोरकट वाटायची. आता वाटतं, 'मला माहीत नाही' हा पर्याय सुटकेचा म्हणून ठेवणारा लेखक फार मोठा असला पाहिजे.

मराठीत लिहायचं तर 'तू' की 'तुम्ही'?

नमुना लिहिताना एक अडचण आली, तीही सांगतो. इंग्रजीत वाचकाला 'यू' म्हटलं की मुलगा-मुलगी दोघंही त्यात बसतात. मराठीत 'तू मागे वळलास' म्हटलं की अर्धे वाचक बाहेर. 'तुम्ही मागे वळता' चालतं, पण त्यात थोडं अंतर राहतं. 'तू'च हवं असेल तर भविष्यकाळ वापरा: 'तू मागे वळशील'. नाहीतर सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ: 'तू दार उघडलंस'. तिथे क्रियापद दाराप्रमाणे चालतं, वाचकाप्रमाणे नाही. ज्यांना लिहायचंय त्यांनी ट्वाइन हे मोफत सॉफ्टवेअर बघावं. त्यात ठिपके आणि बाण समोरच दिसतात.

आता बोटाची गोष्ट

खरं सांगा, वरचा नमुना वाचताना मेल्यावर काय केलंत? मागे जाऊन दुसरा पर्याय बघितलात ना? छापील गेमबुक वाचणारे सगळे हेच करतात. नवीन पानावर जाताना जुन्या पानात बोट घालून ठेवायचं. मेलो तर परत. काही पट्टीचे वाचक एका वेळी तीन-चार बोटं घालून बसतात.

एडवर्ड पॅकर्ड यांच्या 'इनसाइड यूएफओ ५४-४०' (१९८२) मध्ये याची गंमतच केलीय. त्यात एका स्वर्गासारख्या ग्रहावर पोचायचं असतं. तो शेवट पुस्तकात छापलेला आहे, पण कुठल्याच पर्यायातून तिथे बाण जात नाही. नियम मोडून पानं चाळणाऱ्यालाच तो सापडतो.

गेमबुकात हे चालतं. खेळ आहे, बिघडत काही नाही. फक्त भीती निघून जाते. संशोधनात मात्र हेच बोट घात करतं, आणि हे मी स्वतः करून बसलोय.

माझं काम हळदीवर आहे. दुसऱ्या वर्षी मी ठिबकवरची आणि पाटपाण्यावरची हळद घेऊन दोन्हींतल्या कर्क्युमिनची तुलना करत होतो. पहिल्या चाचणीत पी-मूल्य ०.०९ आलं. म्हणजे 'फरक आहे' म्हणता येईना. मग दोन नमुने 'विचित्र' वाटले, ते काढले. मग लॉग घेऊन पाहिलं. मग एका जातीची हळद बाजूला ठेवली. शेवटी ०.०४ आलं आणि मी आनंदानं गाईड मॅडमकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "याआधी किती प्रकारे करून पाहिलंस?"

वहीत नोंद नव्हती. आठवून आठवून लिहिलं तर अकरा प्रकार निघाले. दहा पानांत बोट घालून मी अकराव्या पानाला निष्कर्ष म्हणत होतो. कुठल्याच प्रामाणिक बाणानं न गाठता येणाऱ्या त्या ग्रहावर मी पानं चाळत पोचलो होतो.

हे किती महागात पडतं ते सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी २०११ च्या शोधनिबंधात दाखवलं. दोन मोजमापांतलं सोयीचं निवडणं, निकाल आला नाही म्हणून आणखी नमुने घेणं, अशा चार साध्या सवलती एकत्र घेतल्या, तर नसलेला फरक 'सापडण्याची' शक्यता ५ टक्क्यांवरून ६०.७ टक्क्यांवर जाते. अशाच सवलती घेऊन त्यांनी बीटल्सचं एक गाणं ऐकल्यानं माणसाचं वय सुमारे दीड वर्षानं कमी होतं, असंही 'सिद्ध' करून दाखवलं!

२०१३ मध्ये अँड्र्यू गेलमन आणि एरिक लोकेन यांनी त्याहून बारीक मुद्दा मांडला. शीर्षकासाठी त्यांनी बोर्हेसच्या १९४१ च्या कथेचं नाव घेतलं, 'फुटत जाणाऱ्या वाटांची बाग' अशा अर्थाचं. ते म्हणतात, तुम्ही एकच चाचणी केली असेल, लबाडी अजिबात नसेल, तरी प्रश्न उरतो. आकडे वेगळे आले असते तर तुम्ही दुसरीच चाचणी निवडली असती का? गेमबुकात एकच वाट वाचणाऱ्याला ती सरळसोट गोष्ट वाटते. फाटे त्याला दिसतच नाहीत.

मग करायचं काय?

तुम्ही आता संशोधन आराखडा लिहाल, तेव्हा एवढं करा.

१. नमुने गोळा करण्याआधी आपला नकाशा काढा. कुठला नमुना वगळणार, कुठली चाचणी लावणार, मोजमाप एक की दोन, हे तारीख घालून लिहा.

२. वाट बदलावी लागली तर बदला. शेतात, प्रयोगशाळेत सगळं ठरल्यासारखं होत नाही. पण का बदलली आणि आकडे बघण्याआधी की नंतर, ते लिहा.

३. जितक्या पानांत बोट घातलं तितकी पानं प्रबंधात दाखवा.

४. 'फरक आढळला नाही' हाही शेवटच आहे. वेताळाच्या राजाची सुटका अशाच उत्तरानं झाली होती.

माझ्या त्या प्रकरणात आता अकराही विश्लेषणांचा तक्ता आहे आणि खाली लिहिलंय की या नमुन्यांवरून फरक ठामपणे सांगता येत नाही. लिहिताना जीव खालीवर झाला, दोन वर्षांचं काम होतं. पण तोंडी परीक्षेत कुणी मॅडमसारखाच प्रश्न विचारला, तर आता वही उघडून दाखवता येईल.

पुढच्या लेखात नमुन्याचा आकार किती असावा ते पाहू. तोवर वेताळाच्या एखाद्या गोष्टीचा ठिपके-बाणांचा नकाशा काढून बघा.