पाटाची बायको आणि भरपाईचा अर्ज

कामगार भरपाईवरच्या व्याज आणि दंडाचं गणित या आठवड्यात मांडायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. सुरतजवळच्या इच्छापोरहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मुदतीचा आहे.

वाचक मूळचे शहाद्याकडचे, हजिरा रोडवर एका ठेकेदाराकडे सुपरवायझर. त्यांच्या हाताखालचा, नंदुरबारकडचाच एक फिटर 2025 च्या उन्हाळ्यात परांचीवरून पडून गेला. वय 35. इच्छापोरच्या खोलीवर त्याच्यासोबत अनेक वर्षं राहिलेली बाई आणि दोन लहान मुलं मागे राहिली. गावी विधवा आई. ठेकेदार दिवसकार्याला गावी गेला, भावाच्या हाती दोन लाख ठेवले, कागदावर अंगठे घेतले आणि प्रकरण मिटलं म्हणून परतला. बाईनं विचारलं तेव्हा दीर म्हणाला, ‘तुझं लगीन कुठं लागलंय?’

ठेकेदाराचं आधी उरकू. अपघात सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याच्या (21 नोव्हेंबर 2025) आधीचा, म्हणजे हिशेब 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानंच. मृत्यूची भरपाई त्या कायद्याखालच्या आयुक्तांकडेच जमा करायची असते, हे नेहमीच्या वाचकांना पाठ झालं असेल. परस्पर दिलेल्या पैशांतून वजा होते ती फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल, आणि तीही कायद्यातल्या अवलंबिताला दिली असेल तरच. सज्ञान भाऊ त्या यादीतच नाही. म्हणजे ठेकेदाराचे दोन लाख भावाकडे गेले ते गेले. अंगठ्यांचा कागदही कलम 17 पुढे टिकत नाही. कामगाराचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही. पगार पंधरा हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर धरायचे पंधराच हजार. त्याचे निम्मे 7,500, गुणिले पस्तिशीचा गुणक 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये. त्यावर व्याज वेगळं.

आता बाईचं. अवलंबितांच्या यादीत सगळ्यात वर विधवा, औरस किंवा दत्तक अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई. यांना आपण त्याच्या कमाईवर जगत होतो हे सिद्धही करावं लागत नाही. खाली तिसऱ्या गटात, निदान अंशतः त्याच्या कमाईवर अवलंबून असण्याच्या अटीवर, अनौरस मुलंही आहेत. इंग्रज सरकारला लग्नाबाहेरची मुलं दिसली. त्यांची आई मात्र दिसली नाही, आणि पुढे आपल्यालाही तिला यादीत घ्यावंसं वाटलं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं लग्नासारखं नातं मानलं. पण कामावर माणूस मेला की नुसती सोबतीण यादीबाहेरच. कॅनडातल्या ओंटारियोत लग्नावाचून वर्षभर एकत्र राहिलेली, किंवा दोघांचं मूल असलेली जोडी या कामासाठी नवरा-बायकोच धरली जाते. आपल्याकडे तसं होईस्तोवर जे हाती आहे त्यावर भांडायचं.

आणि हाती बरंच आहे. माझा आवडता विषय हाच, म्हणून जरा रेंगाळतो. खानदेशात, नंदुरबारच्या डोंगरात कितीतरी संसार मांडवाशिवाय उभे राहतात. पहिलं मोडलं की पंचांपुढे फारकत, मग पाट. कुठे त्याला म्होतूर म्हणतात, तापीच्या गुजराती अंगाला नातरं. चार माणसं, नवं लुगडं, जेवण, संपलं. ना पत्रिका, ना फोटो. शहरातला वकील हे ऐकतो आणि अर्जात ‘लिव्ह-इन’ असं ठोकून देतो. तिथंच दावा मरतो. हिंदू विवाह कायद्यानं रूढीप्रमाणे लागलेलं लग्न (कलम 7) आणि रूढीप्रमाणे झालेली फारकत (कलम 29) दोन्ही मान्य केली आहेत. अनुसूचित जमातींना तर तो कायदा मुळात लागूच नाही. तिथं जमातीची रूढी हाच कायदा. मात्र रूढी नुसती सांगून भागत नाही, अर्जात मांडून साक्षीनं सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली सूरजमणी स्टेला कुजूर यांच्या खटल्यात हेच बजावलं.

पंच हयात नसतील तरी वाट आहे. दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून नांदलेल्या जोडप्याचं लग्न झालेलंच असणार, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. बद्रीप्रसाद खटल्यात (1978) पन्नास वर्षांच्या संसाराला हाच आधार मिळाला. गृहीतक खोडायची जबाबदारी मग दिराची.

पहिली बायको फारकतीशिवाय हयात असेल तर मात्र, जमातीची रूढी दुसरी बायको मानत नसल्यास, ही विधवा ठरत नाही. तरी मुलं सुटतात: हिंदू विवाह कायद्याखाली दुसरं लग्न रद्दबातल ठरलं, तरी कलम 16 त्यातली मुलं औरस धरतं. अशा वेळी आईनं मुलांची पालक म्हणून अर्ज करावा. वाटणी आयुक्त ठरवतात. गावच्या विधवा आईलाही त्यात वाटा मिळू शकतो, आणि तिला शत्रू करण्यात हशील नाही.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेतला दाखला, खोलीची भाडेचिठ्ठी, पीएफच्या फॉर्मवरचं नाव हे सगळं गोळा करा. इस्पितळाच्या कागदावर ‘नातं’ या रकान्यात त्यानं किंवा तिनं पूर्वी काय लिहिलं होतं, तेही काढा. वारस म्हणून नाव लावल्यानं कोणी बायको होत नाही, पण तो तिला काय म्हणत होता याचा तो पुरावा आहे. पाट लागला तेव्हा हजर असलेल्या दोघा-तिघांची नावं आजच वहीत उतरवा. अर्ज सुरतलाच करायला हवा असं नाही. बाई आता नंदुरबारला राहत असेल तर तिथल्या आयुक्तांकडेही चालतो. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.